नव्वदावा दिवस

ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवते, पाटसला विसावा घेते आणि रोटीचा घाट चढून उंडवडीकडे जाते. त्या दिवशी सारा गाव रस्त्यावर असतो. कुणी पिठले-भाकरी घेऊन उभे, कुणी केळी वाटते, कुणी नुसतेच हात जोडून. पण पंढरीहून माघारी निघालेल्या पालखीला अशी गर्दी कधी पाहिली आहे? मुक्काम थोडे, चाल भराभर आणि वारकऱ्याचे मन पेरणीकडे लागलेले. जाण्याचे कौतुक सर्वांना, येण्याचे फारसे कुणाला नसते.

परदेशवारीचेही तसेच आहे. लेकाकडे नाहीतर लेकीकडे जर्मनीला, हॉलंडला निघालेल्या आईबापांना निरोप द्यायला भावकी जमते. शाल-नारळ होतो. विमानतळावरचे फोटो गावभर फिरतात. तिथे गेल्यावर पहिले बर्फ, पहिली आगगाडी, पहिला राजवाडा, सगळ्याची वर्दी लागते. परत यायच्या दिवसाबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. आज आपण त्याच दिवसाबद्दल बोलू. तुमच्या घरातून अजून कुणी गेले नसेल, तरी सोयरिकीत, शेजारात कुणीतरी जाणारच आहे. त्यांना हे वाचून दाखवा.

पाटसवरून पुणे-दिक्सळ आगगाडी धावू लागली ती डिसेंबर १८५८ मध्ये. म्हणजे मुंबईच्या बंदरापर्यंतची वाट आपल्या शिवारातून केव्हाच गेली होती. पण ती धरून विलायतेला जाणारे जोडपे शेतकऱ्याचे नसे. नाही म्हणायला एक होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८८७ साली ते राणी चिमणाबाईंना बरोबर घेऊन युरोपला गेले आणि पुढे कितीतरी वेळा गेले. पण राजाच्या परतीच्या दिवसाची काळजी वाहायला माणसे होती. बॅगेचे वजन त्यांना कशाला बघावे लागेल? पुढे १९६० साली पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आले आणि पु. ल. व सुनीताबाई या जोडीबरोबर मराठी माणसाने घरबसल्या युरोप पाहिला. १९८४ मध्ये केसरी पाटलांनी आपली सहल कंपनी काढली, तशा आणखीही निघाल्या आणि जेवणात वरण-भात मिळतो म्हटल्यावर गावाकडची माणसेही पंधरा-वीस दिवसांच्या सहलीला निघू लागली. सहलीबरोबर जाणाऱ्यांचे एक बरे असते, शेवटच्या दिवशी टूर मॅनेजर मेंढरे मोजावीत तशी माणसे मोजून विमानात बसवतो. आपला विषय त्यांचा नाही. तो आहे दोन-तीन महिने मुलाकडे राहिलेल्या आईबापांचा, ज्यांचा मॅनेजर त्यांचा मुलगाच असतो आणि त्या दिवशी त्याला ऑफिसातून रजा मिळालेली असेलच असे नाही.

आपल्या भागातली ही माणसे कधी जातात बघा. ऊस कारखान्याला गेला, खोडव्याला पाणी-खत झाले, की मार्चच्या सुमारास. आणि परत कधी यायचे? मृगाच्या आत. मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. म्हणजे मार्च, एप्रिल, मे. तीन महिने. इथेच पहिली ठेच लागते.

तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. जर्मनी, फ्रान्स, हॉलंड, इटली, स्वित्झर्लंड सगळे त्यात आले. त्यावर पाहुणा म्हणून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस, दोन्ही धरून. आता हिशेब करा. तुम्ही १ मार्चला उतरलात. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, झाले ६१. उरले २९. म्हणजे २९ मे हा तुमचा नव्वदावा दिवस. “तीन महिन्यांचा व्हिसा आहे” म्हणून मुलाने ३१ मेचे तिकीट काढले असेल, तर दोन दिवस जास्त झाले. दोन दिवसांनी काय होते, असे आपल्याकडे वाटते. तिथे तसे वाटत नाही. शिवाय व्हिसाच्या कागदावर दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो. तो ९० पेक्षा कमी असला, तर तोच खरा. दरवेळी व्हिसाची शेवटची तारीख बघून चालत नाही, दिवसांचा आकडाही बघावा लागतो.

पूर्वी पासपोर्टवर शिक्का बसे आणि एखादा अधिकारी शिक्के जुळवत बसत नसे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन यंत्रात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. आता दिवस यंत्रच मोजते, आणि यंत्राला गयावया चालत नाही.

हे एवढे ताणून सांगण्याला कारण आहे. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाने भारतीयांसाठी व्हिसाचे नियम सैल केले. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळाले असतील आणि ते नीट, नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, पुष्कळदा ये-जा करता येईल असा मिळू शकतो. त्यापुढचा पाच वर्षांचा. नातवाचे बारसे, दुसऱ्या नातवाचे बारसे, सुनेचे आजारपण, लेकीचे बाळंतपण, या सगळ्याची वाट या पहिल्या फेरीच्या शेवटच्या दिवसातून जाते. म्हणून तिकीट काढतानाच बोटांवर दिवस मोजा. मुलगा शिकलेला आहे, त्याने मोजले असतील, असे धरून चालू नका. शिकलेल्या माणसालाही महिना तीस दिवसांचा वाटतो.

बॅगेत काय, डोक्यात काय

आता सामानाकडे वळू. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींना एकदम सगळी भावकी आठवते. ही जाऊ, ती नणंद, शेजारची, सोसायटीतली, दूध घालायला येणारा. मग चॉकलेटांच्या पिशव्या भरल्या जातात. माझे मत विचाराल तर मेअखेरीला चॉकलेट आणणे म्हणजे मुंबई ते पाटस या रस्त्यावर त्याचा काढा करणे होय. आणायचेच तर थोडे आणा आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळा. आयफेल टॉवरच्या किल्ल्या, चुंबकाची चित्रे घेताना उलटून बघा, बहुतेकांवर चीनचे नाव असते.

वजन मात्र घरीच करा. मुलाकडे ताणकाटा असतो, नसला तर स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडून साड्या इकडच्या तिकडे करणारी आपली माणसे बघितली की जीव कसनुसा होतो. चाकू, सुरी, कात्री खाली जाणाऱ्या बॅगेत. मोबाइल चार्ज करायची बॅटरीची डबी मात्र हातातल्या पिशवीत, ती खालच्या बॅगेत चालत नाही. हातातल्या पिशवीतून तेल, लोणचे, अत्तर असे काही पातळ न्यायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी अजूनही १०० मिलिलिटरच्या बाटलीची मर्यादा असते. वहिनींच्या अंगावर चार दागिने असतील, तर भारतातून जातानाच कस्टमकडून दागिन्यांचा दाखला करून घेतलेला बरा. येताना “हे सोने तिकडून आणले का?” या प्रश्नाला मंगळसूत्र उत्तर देत नाही, कागद देतो.

हे सारे झाले किरकोळ. ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट पुढे आहे.

शेतकरी कुठेही गेला तरी त्याचे डोळे झाडावर. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमच्या फुलबाजारात ट्युलिपचे कंद विकायला असतात, पिशवीवर फुलाचे झकास चित्र. मुलाच्या शेजाऱ्याच्या अंगणातला गुलाब रोज जाता-येता बघितलेला असतो. द्राक्षाच्या बागेत फिरताना एखादी काडी हाताला लागते. शेवटच्या दिवशी मन म्हणते, ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी नेली तर काय बिघडले? कोण बघतो? आपण वाटेत भेटलेल्या माणसाकडून उसाचे बेणे आणतोच की, तसेच हे.

दादा, तसे हे नाही. मुळा-मुठा नि भीमेच्या पाण्यावर पसरलेली जलपर्णी बघा. उजनीच्या फुगवट्यात होडी घालणाऱ्या माणसाला विचारा. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात बंगालमध्ये आली आणि ती कुणी शत्रूने टाकली नाही. फूल सुंदर, तळ्यात शोभेल, म्हणून हौसेने आणली. गाजरगवत १९५५ साली पहिल्यांदा नजरेस आले ते आपल्याच पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. बांधावरचे ते उपटता उपटता दोन पिढ्यांचे हात सोलले. टणटणीही कुणाच्या बागेच्या शोभेसाठीच या देशात आली होती.

आणि हे आपल्यालाच भोगावे लागले असे नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतून नेलेल्या द्राक्षाच्या वेलींबरोबर फायलोक्झेरा नावाची मुळांवरची कीड फ्रान्समध्ये पोहोचली. काही वर्षांत बागाच्या बागा वाळल्या, मोठमोठे बागाईतदार देशोधडीला लागले. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर आपली काडी बांधण्याचा. आपल्याकडे डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचे कलम करतात, तो खुंटही अमेरिकी जातीचाच, फक्त आपल्याकडे त्याचे कारण पाण्याचा ताण आणि खारवट जमीन हे आहे. ज्याला खुंट माहीत आहे त्याला एका काडीने काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

कायदाही स्पष्ट आहे. त्याचे मूळ १९१४ सालच्या कायद्यात आहे आणि आज २००३ चा वनस्पती संगरोध आदेश चालतो. लावणीचे काहीही, म्हणजे बी, कंद, काडी, रोप परदेशातून आणायचे तर आधी भारत सरकारचा आयातीचा परवाना हवा आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे. बाजारातल्या पिशवीवर प्रमाणपत्राचा शिक्का छापलेला दिसला तरी आपल्या परवान्याचे काम त्याने भागत नाही. मातीला तर बंदीच. शिवाय परतल्यावर कस्टमच्या फॉर्मवर विचारलेलेच असते, बी, रोपे, फुले, फळे आहेत का? मांस, दुधाचे पदार्थ आहेत का? खोटे लिहायचे नसेल तर आणू नका. आणि ट्युलिपचे म्हणाल, तर त्या कंदाला फुलायला कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते. श्रीनगरला ते फुलते. पाटसला तो कांदा कांद्यासारखा सडेल.

जनावरांच्या बाबतीत तर जास्तच जपा. २००१ साली इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा साठ लाखांवर जनावरे मारून टाकावी लागली. संसर्ग झालेल्या मांसाचा अंश असलेले खरकटे नीट न उकळता डुकरांना घातल्याने ती सुरू झाली असे चौकशीत पुढे आले. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत हाच रोग १९८८ नंतर पहिल्यांदा दिसला, तोही म्हशींच्या एका कळपात. पुढे हंगेरी आणि स्लोव्हाकियातही तो निघाला. आपल्याला लम्पीने काय दाखवले ते २०२२ मध्ये घरोघर कळले आहे. ती लम्पीही २०२५ मध्ये इटली नि फ्रान्समध्ये पोहोचली. तेव्हा तिथल्या गोठ्यात फिरून आला असाल, तर ते बूट शेवटच्या दिवशी घासून, धुऊन, जंतुनाशकात बुडवून, वाळवूनच बॅगेत घाला. घरी आल्यावर दोन-चार दिवस ते बूट गोठ्यात नेऊच नका. आपण गावाहून जाताना गोठ्यातली वहाण घालून गेलो असू, तर तिकडच्या शेतकऱ्याची आपण केलेली काळजीही अशीच.

त्यांची काळजी किती कडक असते तेही आपण पाहिले आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या दोनशेहून अधिक खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. युरोपने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला. बरोबर कारले, वांगे, पडवळ, अळू. हापूसची ऐन सराई बुडाली. व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. म्हणून जातानाही मुलासाठी आंब्याची पेटी, साजूक तूप, खवा, पेढे नेऊ नका. दूध नि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, आणि बहुतेक फळांना प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर यांना ते लागत नाही. नारळ चालतो, हे ऐकून वहिनींना बरे वाटेल.

मग ऊसवाल्याने युरोपातून आणावे तरी काय? माझ्या मते एक किलो साखर. हसू नका. तिथली साखर उसाची नसते, बीटची असते. १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफने बीटच्या कंदात उसासारखीच साखर आहे हे दाखवले आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये पहिला कारखाना काढला. मार्चमध्ये तुम्ही पोहोचता तेव्हा त्या शेतांत बीट पेरायला सुरुवात होते आणि तुम्ही निघता तेव्हा पानांनी सरी झाकत आलेली असते. सप्टेंबरपासून ते काढतात. सहा-सात महिन्यांचा खेळ. आपला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो, पाणी पितो आणि मग तोडीची वाट बघतो. हे कागदावर वाचणे वेगळे आणि भीमा कारखान्याच्या सभासदाने ती साखर जिभेवर ठेवणे वेगळे. चव सारखीच लागते, हीच त्यातली गंमत.

दुसरी एक गोष्ट बॅगेत मावत नाही. जर्मनीच्या खेड्यात बँकेवर, खतांच्या गोदामावर ‘रायफायझेन’ हे नाव दिसेल. हा एका खेड्याचा कारभारी होता. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने गावकऱ्यांना धान्य मिळवून दिले आणि पुढे शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या. मद्रासच्या निकल्सन साहेबाने त्या पद्धतीचा अभ्यास करून १८९५ नि १८९७ मध्ये अहवाल दिले आणि १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या गावच्या विकास सोसायटीचे आजोळ ते. शेवटच्या दिवशी दुकानांत पायपीट करण्याऐवजी मुलाला म्हणावे, त्या पाटीपाशी माझा नि तुझ्या आईचा एक फोटो काढ. सोसायटीच्या कार्यालयात लावता येईल.

किरकोळ देणी-घेणी

मोठी खरेदी केली असेल तर एक पैसा परत मिळतो, तो बहुतेकजण सोडून देतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने वस्तू विकत घेऊन बाहेर नेली तर त्यावरचा कर परत मिळू शकतो. जर्मनीत ५० युरोंपेक्षा जास्त, फ्रान्समध्ये १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी हवी. बिल आणि फॉर्म तुमच्या नावाचा हवा, मुलाच्या नावाचा नको, कारण तो तिथे राहतो. वस्तू न वापरलेली हवी आणि बॅग विमानाच्या सामानात सोडण्याआधी कस्टमला दाखवून फॉर्म मंजूर करून घ्यायचा. हे युरोपीय संघातून निघतानाच्या शेवटच्या विमानतळावर करायचे असते. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, तिथला हिशेब तिथल्या सीमेवर. लंडनच्या दुकानात घेतलेल्या वस्तूवर ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

सुटी नाणी संपवा. आपल्याकडचे पैसे बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. जर्मनीत रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे आणि डब्यामागे २५ सेंट परत मिळतात. बाबांनी तीन महिन्यांत गॅलरीत साठवलेल्या बाटल्या सकाळीच दुकानातल्या यंत्रात घालून याव्यात, नातवाला बरोबर न्यावे. मात्र तो रविवार नसावा, रविवारी तिथली जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. राहिलेली खरेदी रविवारवर ठेवणाऱ्याची फजिती ठरलेली.

गुडघ्याचा त्रास असेल, विमान मध्ये बदलायचे असेल, इंग्रजी येत नसेल, तर चाकाच्या खुर्चीची मदत निघण्याच्या ४८ तास आधी कळवून ठेवावी. युरोपातल्या विमानतळांवर ती फुकट देणे बंधनकारक आहे. लाज कसली त्यात? खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर दारापाशी नेऊन सोडतो, हा तिचा खरा फायदा.

संध्याकाळ

मेअखेरीला तिथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो. दिवस संपतच नाही आणि शेवटची संध्याकाळ तर फारच लांबते. वहिनी सकाळपासून स्वयंपाकघरात असतात. शेंगदाण्याची चटणी, भाजणी, पुरणाचे गोळे, डब्यांवर नावे. सूनबाई म्हणते, “आई, बसा ना आता.” आई बसत नाहीत. बसले की बोलावे लागते.

बाबा गॅलरीत. त्यांचा जीव एव्हाना कालव्यावर गेलेला. खडकवासल्याचे आवर्तन सुटले का, चारीला पाणी आले का, पाटकऱ्याने नंबर कधी दिला? भावाला फोन लावायला उठतात आणि आठवते, तिकडे साडेतीन तास पुढे, मध्यरात्र झाली असेल.

अशा संध्याकाळी घराघरांत एक विषय दबा धरून बसलेला असतो. रान कोण करणार? तू परत येणार की नाही? तीन महिने तो कुणी काढत नाही आणि शेवटच्या रात्री जेवणाच्या ताटावर काढला जातो. मी सांगतो, त्या रात्री सातबारा काढू नका. पोराला दुसऱ्या दिवशी तुम्हाला सोडून एकट्याने घरी यायचे असते, रिकाम्या खोलीत. तो विषय पहिल्या महिन्यात, फिरता फिरता, बापलेक दोघेच असताना काढा. “नाही” म्हणाला तर ते पचवायला दोन महिने हाताशी राहतात. वाटणीसाठी, विक्रीसाठी, कर्जासाठी मुलाचे कुलमुखत्यारपत्र हवे असेल, तर तेही आधीच. त्याला भारतीय वकिलातीत वेळ घेऊन सही साक्षांकित करावी लागते आणि तो कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शेवटच्या दिवशी कागदावर केलेली सही घाईची आणि मनाविरुद्धची वाटते, मग ती तशी नसली तरी.

त्यापेक्षा तासभर दोघेच बाहेर जा. मुलगा, सून, नातू कुणी नको. नवरा-बायको. लग्नाला तीस-पस्तीस वर्षे झाली, त्यात दोघांनी मिळून नुसते चालत जाणे किती वेळा घडले? यात्रेला गेलो तर गाव बरोबर, लग्नाला गेलो तर वऱ्हाड बरोबर. या नव्वद दिवसांत तुम्ही रोज संध्याकाळी त्या तळ्याकाठी चाललात, बाकावर बसलात, बाईमाणूस पुढे नि पुरुष चार पावले मागे असेही कधी झाले. ते गावात होणार नाही हे वहिनींना पक्के ठाऊक आहे. होऊ द्यायचे की नाही हे दादांनी त्या बाकावर बसून ठरवावे. पाटसच्या रस्त्याला दोघांनी फिरायला निघाले तर लोक हसतील, हे खरे. आठ दिवस हसतील.

निघताना सूनबाई ओटी भरते, नारळ तिथेही मिळतो. हातावर दही घालते. नातू विचारतो, “आजी, तू उद्या येणार?” आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. परदेशात वाढणाऱ्या पोराला तो शब्द खरा वाटतो, म्हणून त्याला तारीख सांगा. तारीख काढता येते. १ मार्चला उतरून २९ मेला निघालात, तर १८० दिवस २७ ऑगस्टला भरतात. व्हिसा पुष्कळ फेऱ्यांचा असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर २८ ऑगस्टला पुन्हा पाऊल ठेवता येते. त्या दिवसापासून रोज एकेक दिवस मोकळा होत जातो. नातवाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बाबांनी त्या तारखेवर पेनाने एक गोल करावा. जाणे होईल न होईल, ते पाऊसपाण्यावर.

मुंबईला उतरल्यावर बोर्डिंग पास फाडून टाकू नका. पासपोर्टच्या पिशवीत, व्हिसाच्या कागदाला लावून ठेवा. यंत्रात नोंद चुकली असे कधी निघाले, तर वेळेवर परतल्याचा तोच पुरावा.